बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला कॉलेज बदलायचं का? निर्णयाआधी करायची कामं आणि निर्णयानंतरची कागदपत्रं

पहिल्या वर्षाचा निकाल लागला की आमच्या रसायनशास्त्र विभागाच्या दारात दोन-तीन मुलं घुटमळत उभी राहतात. आत बोलावलं की आधी मार्कशीट पुढे करतात आणि मग हळूच विचारतात, "मॅडम, एसवायला (दुसऱ्या वर्षाला) पुण्याला जाऊ का?" कुणी कोल्हापूर म्हणतं, कुणी मुंबई. तालुक्याच्या गावात वीसेक वर्षं शिकवताना हा प्रश्न मी कितीदा ऐकला असेल त्याची मोजदाद नाही, पण सगळ्यांना एकच उत्तर कधी देता आलं नाही. काहींना मी स्वतः ओळखीच्या प्राध्यापकांना फोन करून पाठवलं, काहींना बसवून समजावलं आणि थांबवलं. एका मुलापर्यंत मी उशिरा पोहोचले आणि त्याचं वर्ष गेलं. ते पुढे येईलच.

हा लेख बीएस्सी करणाऱ्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. इंजिनिअरिंग आणि फार्मसीच्या बदलीचे नियम निराळे आहेत, त्यांत मी शिरत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगते. "तिकडं सायन्स चांगलं आहे" हे वाक्य फार मोघम आहे. आपल्याला इथे नेमकं काय मिळत नाही, हे एका ओळीत लिहिता आलं पाहिजे. आणि ती गोष्ट तिकडे खरोखर मिळते आहे, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असलं पाहिजे. एवढं झालं की बाकीचा निर्णय बराच सोपा होतो.

काय कमी पडतंय, ते लिहून काढा

एक कागद घ्या आणि कारणं लिहा. मी मुलांना माझ्यासमोर बसून लिहायला लावते, कारण बोलताना सगळी कारणं सारखीच खरी वाटतात आणि लिहिताना त्यांचं वजन कळतं.

सगळ्यात वजनदार कारण म्हणजे तुमचा विषयच तुमच्या कॉलेजात पुढे नसणं. लहान कॉलेजांत पहिल्या वर्षाला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बॉटनी, झूलॉजी असं सगळं असतं, पण टीवायला (तिसऱ्या वर्षाला) स्पेशल, म्हणजे मुख्य विषय किंवा मेजर, म्हणून बहुतेक वेळा एक-दोनच विषय उरतात आणि त्यात केमिस्ट्री हमखास असते. फिजिक्सची ओढ असलेल्या मुलांना हे दुसऱ्या वर्षाच्या शेवटी कळतं आणि मग ती नाइलाजाने केमिस्ट्री घेतात. तेव्हा ऑफिसात जाऊन सरळ विचारा, "आपल्याकडे माझ्या विषयाचा मेजर तिसऱ्या वर्षापर्यंत मान्यताप्राप्त आहे का? गेल्या वर्षी त्या वर्गात किती विद्यार्थी होते?" दुसरा प्रश्न विसरू नका. कागदावर मान्यता असते, पण विद्यार्थीच नसल्याने वर्ग सुरूच होत नाही, असंही घडतं. उत्तर नकारार्थी आलं, तर कॉलेज बदलण्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. ते पहिल्या वर्षानंतरच करा.

दुसरं खरं कारण म्हणजे शिकवायला कायम माणूस नसणं. मंजूर जागा वर्षानुवर्षं रिकाम्या, आणि वर्ग तासिका तत्त्वावरच्या (सीएचबी) प्राध्यापकांच्या भरवशावर. सीएचबीवर शिकवणाऱ्यांत फार चांगले, नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा झालेले शिक्षक मी पाहिले आहेत. काहींचे तास ऐकायला मी स्वतः मागच्या बाकावर बसले आहे. अडचण त्यांच्या शिकवण्याची नाही. त्यांची नेमणूक सत्र सुरू झाल्यावर उशिरा होते, मानधन रखडतं, पुढच्या वर्षी ते असतील की नाही हे त्यांनाही ठाऊक नसतं. तीन वर्षांत एकाच विषयाला चार शिक्षक बदलले, तर मुलांच्या विषयाच्या पायामध्ये जी भोकं राहतात ती एमएस्सीला गेल्यावर दिसतात.

तिसरं कारण प्रॅक्टिकल. त्यावर सविस्तर लिहिणार आहे, कारण "मजबूत सायन्स" म्हणजे काय याचं सगळ्यात प्रामाणिक उत्तर प्रयोगशाळेतच मिळतं.

चौथं कारण मुलं लाजत सांगतात: अवघड गणित सोडवत बसणारं दुसरं कुणी वर्गात नाही. हे लाजण्यासारखं अजिबात नाही. आपल्याइतकंच वेड असलेली दोन माणसं भोवती असली, की अभ्यासाचा वेग बदलतो. पण या कारणावर वर्ष न बदलताही उपाय आहेत, ते खाली येतील.

आणि मग राहतात "मित्र गेला", "इथं कंटाळा येतो", "पाहुणे म्हणतात त्या कॉलेजचं नाव मोठं आहे". ही कारणंही लिहा. कागदावर फक्त हीच उरली असतील, तर थांबा. नव्या शहरात कंटाळा पहिले दोन महिने येत नाही, पण तिसऱ्या महिन्यात येतोच, आणि तेव्हा जवळ आईही नसते.

दार एकच नाही, तीन आहेत

मुलांना वाटतं की आत्ता गेलो नाही तर कायमचं राहिलं. तसं नाही. महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून रचना बदलली. तीन वर्षांची पदवी १२० ते १३२ क्रेडिटची (क्रेडिट म्हणजे पेपर पूर्ण केल्यावर मिळणारे श्रेयांक), आणि चौथं वर्ष केलं तर ऑनर्स, १६० ते १७६ क्रेडिटची. त्यामुळे बाहेर पडायची दारं तीन झाली.

पहिलं दार पहिल्या वर्षानंतरचं. विषय पुढे नसेल, तर हेच दार तुमचं.

दुसरं दार तीन वर्षांनंतरचं. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा जास्त गुण असतील, तर चौथं वर्ष संशोधनासह ऑनर्स म्हणून करता येतं. लहान कॉलेजांत हे वर्ष सहसा नसतं, कारण त्याला संशोधन केंद्र आणि पीएचडीचे मार्गदर्शक लागतात. म्हणून तीन वर्षं घरी राहून चांगली करायची आणि चौथं वर्ष मोठ्या विभागात काढायचं, हा मार्ग मला फार शहाणपणाचा वाटतो. चार वर्षांच्या पदवीनंतर एमएस्सी एका वर्षाची होते, आणि ७५ टक्के असतील तर थेट पीएचडीलाही अर्ज करता येतो.

तिसरं दार एमएस्सीचं, आणि ते सगळ्यात रुंद आहे. आयआयटींची एमएस्सी जॅम या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेवर मिळते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचा एकात्मिक पीएचडी कार्यक्रमही जॅमची दखल घेतो. सात विषयांपैकी तुमचा पेपर, साठ प्रश्न, शंभर गुण, तीन तास. तिथे कुणी तुमच्या बीएस्सीच्या कॉलेजचं नाव विचारत नाही. तालुक्याच्या कॉलेजातून जॅम देऊन आयआयटीत गेलेली मुलं माझ्या विभागाच्या भिंतीवरच्या फोटोंत आहेत.

याच ठिकाणी एक सावधगिरी. अनेक आयआयटींना एमएस्सी फिजिक्ससाठी पदवीला किमान एक वर्ष गणित असावं लागतं, केमिस्ट्रीसाठीही काही ठिकाणी गणिताची अट असते. दुसऱ्या वर्षी मायनर (दुय्यम विषय) निवडताना गणित अवघड म्हणून सोडून देणारी मुलं स्वतःच्या हाताने हे दार अरुंद करतात. कॉलेज बदला किंवा बदलू नका, जॅमच्या माहितीपत्रकातलं पात्रतेचं पान आत्ताच वाचा.

आयसर किंवा नायसर या केंद्र सरकारच्या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थांमध्ये दुसऱ्या वर्षाला जाता येईल का, हेही दरवर्षी विचारलं जातं. आयसरचा बीएस-एमएस आयसरच्या स्वतःच्या प्रवेश परीक्षेने पहिल्या वर्षापासून सुरू होतो. भुवनेश्वरची नायसर आणि मुंबई विद्यापीठातलं मूलभूत विज्ञानाचं केंद्र नेस्ट परीक्षेवर प्रवेश देतात, तेही सुरुवातीपासून. म्हणजे तिकडे जाणं ही बदली नाही, नवी सुरुवात आहे. एक वर्ष मागे जायची तयारी असेल आणि बारावीच्या सालाची अट बसत असेल, तर जरूर विचार करा. एक वर्ष ही फार मोठी किंमत नाही. पण बारावीचं फिजिक्स आणि गणित पुन्हा पहिल्यापासून करायची ताकद आहे का, हे स्वतःला विचारा.

घरबसल्या काय पाहता येतं

ज्या कॉलेजात जायचं मनात आहे त्याच्या वेबसाइटवर नॅकसाठी (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेसाठी) दिलेला स्वयंमूल्यमापन अहवाल आणि दरवर्षीचे गुणवत्ता अहवाल असतात. पानं खूप असतात, पण तुम्हाला दोनच जागा पाहायच्या आहेत. निकष २.४ मध्ये मंजूर पदं किती आणि पूर्णवेळ शिक्षक किती, हे असतं. निकष ५.२ मध्ये विद्यार्थी पुढे कुठे गेले आणि जॅम, नेट, गेट अशा परीक्षा किती जण उत्तीर्ण झाले, ते असतं. तुमच्या विषयापुरतं मोजा. कॉलेज नावाजलेलं असेल, पण तुमच्या विषयात पाच वर्षांत दोनच मुलं पुढे गेली असतील, तर ते नाव तुमच्या कामाचं नाही.

केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाची स्टार कॉलेज योजना किंवा विज्ञान-तंत्रज्ञान विभागाचं फिस्ट अनुदान मिळालं आहे का, तेही पाहा. हा पैसा प्रयोगशाळेच्या उपकरणांसाठी येतो. पण उपकरण आलं आणि मुलांच्या हाताला लागलं, या दोन गोष्टींत फार अंतर असतं. ते प्रत्यक्ष गेल्याशिवाय कळत नाही.

एक दिवस काढून जा, आणि प्रॅक्टिकलच्या वेळेला जा

हे काम फेब्रुवारीत उरका. मार्चनंतर परीक्षा लागतात आणि लॅब ओस पडते. सकाळी ऑफिसात जाऊन माहितीपत्रक आणणं म्हणजे कॉलेज पाहणं नव्हे. विभागप्रमुखांना आदल्या दिवशी फोन करा, "सर, मी अमुक गावाहून येतोय, एसवायला प्रवेशाचा विचार आहे, प्रॅक्टिकल चालू असताना लॅब पाहू शकतो का?" असं नम्रपणे विचारा. चांगला विभाग नाही म्हणत नाही. उलट आपली लॅब दाखवायला त्यांना आवडतं.

आत गेल्यावर भिंतीवरचे पोस्टर सोडा, टेबलांकडे पाहा. एका ब्युरेटवर (द्रावण मोजून सोडायच्या तोटीच्या काचनळीवर) किती मुलं आहेत? एक किंवा दोन असतील तर उत्तम. चार असतील, तर एक जण काम करतो, एक वाचतो आणि दोघं लिहून घेतात. ब्युरेटच्या तोट्या गळतायत का? वजनकाट्याची काचेची दारं बंद होतात का आणि त्याचा पातळी दाखवणारा बुडबुडा मधोमध आहे का? पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक ॲसिडचं टायट्रेशन चालू असेल तर तिथे दोन मिनिटं थांबा. ते द्रावण साठ-सत्तर अंशांपर्यंत तापवून घ्यावं लागतं, नाहीतर रंग लवकर जात नाही. मुलं खरंच तापवतायत का, थर्मामीटर आहे का, की फळ्यावरचं रीडिंग उतरवून मोकळी होतायत?

मग एखाद्या मुलीला हसून विचारा, "तुझं सीबीआर किती आलं?" आणि शेजारच्या मुलाला विचारा. सगळ्यांचं सीबीआर, म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, ९.८ आलं असेल, तर ते एकाच वहीतून आलेलं आहे. एकाचं ९.८, दुसऱ्याचं ९.९, तिसऱ्याचं १०.१ आणि ती मुलगी "माझं चुकलंय, पुन्हा करतेय" म्हणाली, तर समजा की इथे सायन्स शिकवलं जातं. चुकलेलं रीडिंग खोडायची भीती नसणं, ही कुठल्याही उपकरणापेक्षा मोठी गोष्ट आहे.

फिजिक्सच्या मुलांनी स्पेक्ट्रोमीटर पाहावा. सोडियम लॅम्प लावलेला आहे का? मुलं स्वतः टेलिस्कोप जुळवतायत, की आधीच जुळवून ठेवलेल्या उपकरणावर फक्त व्हर्नियर वाचतायत?

कुलूपबंद कपाटांकडेही लक्ष द्या. अनेक विभागांत महागडी उपकरणं खोक्यातच राहतात, कारण काही मोडलं तर डेड स्टॉक रजिस्टरमध्ये उत्तर द्यावं लागेल, ही भीती असते. ज्या लॅबमध्ये ब्रेकेजची वही भरलेली असते, तिथे काम झालेलं असतं. लॅब अटेंडंटशी बोला. "मामा, हे मशीन कधी लावलं होतं?" या प्रश्नाचं खरं उत्तर त्यांच्याइतकं कुणी देत नाही.

जाताना टीवायच्या दोन विद्यार्थ्यांना चहा पाजा आणि तीन गोष्टी विचारा: सेमिस्टर सुरू होऊन किती दिवसांनी सगळ्या विषयांचे तास लागले, ग्रंथालयात संध्याकाळी किती वाजेपर्यंत बसता येतं, आणि बाहेरून दुसऱ्या वर्षाला आलेलं कुणी त्यांच्या वर्गात आहे का. असेल, तर त्याचा नंबर घ्या. त्याच्याशी अर्धा तास बोलणं म्हणजे या सगळ्या लेखाएवढं आहे.

क्रेडिट जुळतात का, ते कागदावर कागद ठेवून बघा

बदलीचा डाव बहुतेक वेळा इथे फसतो. काही विद्यापीठांत पहिल्या वर्षाला तीन विषय असतात आणि दुसऱ्या वर्षाला त्यांतून एक मेजर निवडायचा असतो. काही ठिकाणी मेजर पहिल्या दिवसापासून ठरलेला असतो. त्यातून स्वायत्त महाविद्यालयाचा अभ्यासक्रम स्वतःचा असतो. म्हणजे एकाच विद्यापीठातली दोन कॉलेजं असूनही पेपर जुळतीलच असं नाही.

दोन्ही अभ्यासक्रमांच्या प्रिंट काढा आणि शेजारी शेजारी ठेवा. मेजरचे पेपर, प्रॅक्टिकलची क्रेडिट, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे पेपर, भारतीय ज्ञानप्रणाली, सगळं एकेक करून टिक करा. तुमच्याकडे जे झालं आणि तिकडे नाही, ते वाया गेलं तरी चालेल. तिकडे झालं आणि तुमच्याकडे नाही, त्याची यादी करा. ही यादी घेऊन विभागप्रमुखांना भेटा आणि विचारा की हे पेपर जादा द्यावे लागतील का, आणि कधी.

तुमचा अपार आयडी (विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक) आणि क्रेडिट जमा होणारं ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं खातं उघडून पाहा. पहिल्या वर्षाची क्रेडिट तिथे जमा दिसतायत का? ही बँक युजीसीच्या २०२१ च्या नियमांनी आली आणि त्यात क्रेडिट सात वर्षं टिकतात. पण खात्यात क्रेडिट असणं आणि नव्या कॉलेजने ती स्वीकारणं यांत फरक आहे. समकक्षता ठरवायचा अधिकार घेणाऱ्या संस्थेचा असतो. नव्या ठिकाणी किमान निम्मी क्रेडिट मिळवलेली असल्याशिवाय त्या संस्थेची पदवी मिळत नाही, हाही नियम आहे. म्हणून दुसऱ्या विद्यापीठात उशिरा जाणं अवघड होत जातं.

एटीकेटी, म्हणजे मागे राहिलेले पेपर, असेल तर आधी स्वतःच्या कॉलेजात ते सोडवा. बॅकलॉग घेऊन दुसऱ्या विद्यापीठात जायचं म्हणजे दोन परीक्षा विभागांच्या खिडक्यांमध्ये वर्षभर हेलपाटे. मी कुणालाही तो सल्ला देत नाही.

पैशाचा हिशोब घरच्यांसोबत बसून करा

फी सगळे विचारतात, पण घर मोडतं ते राहण्या-जेवण्याच्या खर्चाने. वर्षाचे दहा महिने धरा: कॉट किंवा होस्टेल, मेस, सुट्टीच्या दिवशीचं बाहेरचं जेवण, एसटी किंवा रेल्वे, जर्नल-ॲप्रन-पुस्तकं, डिपॉझिट. आकडे अंदाजाने लिहू नका. ज्या टीवायच्या मुलांना भेटलात, त्यांच्याकडूनच घ्या.

मग मदत कुठून मिळते ते पाहा. समाजकल्याण विभागाची वसतिगृहं, आणि तिथे प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना. अनुसूचित जमातीच्या मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम योजना, इतर मागासवर्गीयांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समिती १९५५ पासून ग्रामीण मुलामुलींच्या राहण्याची सोय करते. 'कमवा आणि शिका' योजना आहे का, हेही विचारा. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या त्या विचारावर महाराष्ट्रात किती घरं उभी राहिली आहेत.

महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवर शिष्यवृत्ती चालू असेल, तर कॉलेज बदलण्याआधी दोन्ही कॉलेजांच्या शिष्यवृत्ती विभागात जाऊन अर्जाचं नूतनीकरण कसं होईल ते विचारून घ्या. केंद्र सरकारची इन्स्पायर शिष्यवृत्ती असेल, तर कॉलेज बदलल्याची माहिती कळवावी लागते. ही दोन कामं प्रवेशानंतरवर ढकलली, की हप्ता अडकतो.

आणि एक मनापासूनची विनंती आईवडिलांना. मुलीच्या बाबतीत "इथंच कर, जवळ आहे" हे वाक्य फार लवकर येतं. माझ्या एका विद्यार्थिनीला फिजिक्स हवं होतं आणि आमच्याकडे ते टीवायला नव्हतं. तिचे वडील तीनदा नाही म्हणाले. चौथ्यांदा मी त्यांना सोबत घेऊन त्या शहरातलं वसतिगृह आणि लॅब दाखवली. मेट्रनबाईंशी ते अर्धा तास बोलले, भाकरी मिळते का तेही विचारलं, आणि परतीच्या एसटीत म्हणाले, "जाऊ द्या तिला." मुलाला जो निकष लावाल, तोच मुलीला लावा.

थांबायचं ठरलं, तर रिकामे थांबू नका

वर लिहिलेल्या चौथ्या कारणाचं, म्हणजे सोबत नसण्याचं उत्तर इथे आहे. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. त्यांचा नियुस कार्यक्रम पदवीच्या मुलांसाठीच आहे. तिथल्या शिबिरात देशभरातली अभ्यासू मुलं भेटतात. गणिताच्या मुलांसाठी एमटीटीएस हे उन्हाळी प्रशिक्षण १९९३ पासून चालतं. तीन विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती मिळाली, तर दोन महिने खऱ्या प्रयोगशाळेत काम करता येतं. खगोलशास्त्राची ओढ असेल तर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचे विद्यार्थी कार्यक्रम पाहा, आणि विज्ञान दिनाच्या सुमारास नारायणगावजवळ खोडदला महाकाय रेडिओ दुर्बीण पाहायला जा. तिथले शास्त्रज्ञ मुलांच्या प्रश्नांना उभ्या उभ्या उत्तरं देतात.

शिक्षक कमी पडत असतील तर स्वयम (वरच्या योजनेहून वेगळं, ऑनलाइन शिक्षणाचं सरकारी पोर्टल) आणि एनपीटीईएलचे कोर्स आहेत, आणि नियमांप्रमाणे एका सत्रातली ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट स्वयमवरून घेता येतात. तुमचं कॉलेज ते मान्य करतं का, हे परीक्षा विभागाकडून लेखी घ्या.

प्रॅक्टिकलचं काय? हे एकट्याने सुटत नाही, पण पाच मुलांनी मिळून सुटतं. "सर, शनिवारी लॅब उघडी ठेवाल का, आम्ही ब्युरेट धुऊन ठेवू" असं पाच जणांनी म्हटलं, तर नाही म्हणणारा शिक्षक मी तरी पाहिला नाही. आमची शनिवारची बॅच अशीच सुरू झाली.

जायचं ठरलं, तर कागदांचा क्रम चुकवू नका

आता वर्ष गेलेल्या त्या मुलाची गोष्ट. हुशार होता, पहिल्या वर्षाला वर्गात दुसरा. शहरातल्या एका कॉलेजात खिडकीवर कुणीतरी "या, होईल ॲडमिशन" म्हणालं. तेवढ्यावर त्याने आमच्याकडून टीसी काढला. तिकडे गेल्यावर कळलं की त्याच्या पहिल्या वर्षाच्या तीन विषयांची जोडी त्यांच्या मेजरला चालत नाही. परत येईपर्यंत आमच्याकडे प्रवेशाची मुदत संपली होती आणि जागाही भरली होती. त्या जूनमध्ये मी गावी नव्हते. तो आता व्यवस्थित आहे, पण ते एक वर्ष त्याने मेडिकलच्या दुकानात काढलं.

म्हणून टीसी सगळ्यात शेवटी. आधी नव्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाच्या रिकाम्या जागा आहेत का, ते विचारा. या जागा निकालानंतर थोड्याच दिवसांत ठरतात, म्हणून निकालाच्या आठवड्यातच अर्ज करा. अर्जासोबत दोन्ही सत्रांच्या गुणपत्रिका आणि तुम्ही केलेला अभ्यासक्रमाचा तक्ता जोडा. तुमचे विषय चालतात आणि प्रवेश दिला जाईल, असं विभागप्रमुखांच्या आणि प्राचार्यांच्या सहीने लेखी मिळवा. प्रोव्हिजनल प्रवेशाचं पत्र असेल तरी चालेल. ते हातात आल्यावरच जुन्या कॉलेजात ना हरकत आणि टीसीसाठी अर्ज करा.

टीसीआधी नो ड्यूज लागतं. ग्रंथालयाची पुस्तकं, लॅबचं ब्रेकेज, जिमखाना, सगळीकडे सह्या. ग्रंथपाल रजेवर असले की दोन दिवस जातात, तेवढे हाताशी ठेवा. विद्यापीठ बदलत असेल तर जुन्या विद्यापीठाचं मायग्रेशन सर्टिफिकेट आणि नव्या विद्यापीठाची एलिजिबिलिटी (पात्रतेची मंजुरी) ही दोन कामं वाढतात. मायग्रेशनचा अर्ज ज्या दिवशी कराल त्याची पावती जपून ठेवा. बरीच कॉलेजं पावतीवर तात्पुरता प्रवेश देतात आणि मूळ प्रमाणपत्र नंतर घेतात. जुना पीआरएन, म्हणजे विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक, लिहून ठेवा. जातीचा दाखला, वैधता, नॉन-क्रीमीलेअर, उत्पन्नाचा दाखला यांच्या तारखा तपासा, कारण मुदत संपलेला दाखला ऐन गर्दीत पुन्हा काढायला तहसीलला जावं लागतं.

प्रत्येक मूळ कागद देण्याआधी त्याच्या दोन झेरॉक्स काढा आणि मोबाइलवर स्कॅन ठेवा. पहिल्या वर्षाची सही केलेली जर्नलं रद्दीत टाकू नका. समकक्षतेच्या वेळी कुणी शंका काढली, तर हे प्रयोग तुम्ही केलेत याचा पुरावा तीच असतात.

नव्या कॉलेजातले पहिले तीन आठवडे

राहिलेल्या पेपरांची जी यादी केली होती, ती भिंतीवर चिकटवा. पहिल्याच आठवड्यात प्रत्येक विषयाच्या शिक्षकांना भेटून सांगा, "सर, मी बाहेरून आलोय, माझ्याकडे हे दोन टॉपिक झालेले नाहीत." हे बोलायला संकोच वाटतो, कारण वर्गातली मुलं एकमेकांना वर्षभर ओळखत असतात आणि तुम्ही मागच्या बाकावर नवे असता. पण नोव्हेंबरात सांगितलं तर उशीर झालेला असतो. पहिल्या सत्रात गुण पाच-सात टक्क्यांनी खाली आले तर घाबरू नका. बहुतेकांचं असं होतं, आणि दुसऱ्या सत्रात ते भरून निघतं.

प्रॅक्टिकलला पार्टनर लवकर ठरवा आणि जो काम करतो त्याच्यासोबत उभे राहा. लॅबच्या मामांना नाव सांगा. इंग्रजी अडत असेल तर विज्ञानाच्या संज्ञांची वही ठेवा; मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना दोन महिन्यांत कान बसतो.

आणि दिवाळीच्या सुट्टीत गावी आलात की जुन्या विभागात डोकावून जा. पुढे संशोधन शिष्यवृत्तीला किंवा उन्हाळी कार्यक्रमाला शिफारसपत्रं लागतात. नव्या कॉलेजातल्या सरांनी तुम्हाला जेमतेम चार महिने पाहिलेलं असतं, आम्ही वर्षभर पाहिलेलं असतं. येताना नव्या लॅबचं जर्नल घेऊन या. मागच्या वर्षी एक जण आणून गेला, आणि त्यातले दोन प्रयोग आता आमच्या शनिवारच्या बॅचला चालू आहेत.